सात दिवसांचा टेकू

गोव्यात पर्वरीतल्या एका साइटवर चवथीच्या तोंडावर पहिल्या मजल्याचा स्लॅब भरून आठवा दिवस चालू होता. सकाळी खाली पाहिलं, तर हॉलमधल्या टेकूंच्या दोन ओळी निघालेल्या आणि पोरं तिसरीला हात घालत होती. वर नेमकी त्याच जागी भिंतीसाठी चढवलेल्या चिऱ्यांची, म्हणजे जांभा दगडांची थप्पी.

"सात दिवस झाले की, साहेब," मुकादम म्हणाला. खोटं नव्हतं. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू 7 दिवसांनी काढता येतात, आणि आतल्या खोल्यांचे गाळे 3.6 मीटरचे. हॉलचा मात्र 5.4 मीटर, तिथे 14 दिवस हवेत. शिवाय हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे. आमच्याकडे पीपीसी, म्हणजे राखमिश्रित सिमेंट, ते सावकाश पकडतं. म्हणजे मुदत वाढवूनच धरायची. स्लॅब एकच, भरलेला एकाच दिवशी, खालून साच्याच्या प्लेटा सगळीकडे सारख्या. माणूस निष्काळजी नव्हता, बरोबर नियम चुकीच्या खोलीत वापरत होता. अशा चुकीला 'सावध राहा'चं भाषण काय करणार?

आधी सगळ्यांना हॉलखालून बाहेर काढलं, दोरी बांधून वाट बंद केली. मुकादमाला लगेच टेकू परत लावायचे होते. मी नको म्हटलं, कारण त्यासाठी माणसं भाराखाली गेली असती. 150 मिलिमीटर स्लॅबचं स्वतःचंच वजन चौरस मीटरला 375 किलो, त्यावर चिऱ्यांचा भार. म्हणून पहिल्यांदा थप्पी उतरवली. वर दोघेच, चिरे हातोहात खोल्यांच्या बाजूला, तिथेही बीमलगत पसरून. मग खालून लांबूनच दोरी ताणून पाहिली. झोळ दिसला नाही, तडाही नव्हता.

त्यानंतर टेकू. उभ्या ओळीच्या बाजूने आत शिरायचं, एकेक लावत पुढे सरकायचं, मोकळ्या भागात पाय टाकायचा नाही. टेकूखाली जाड फळी हवीच, कारण जोत्याची भरणी पावसाने मऊ झालेली असते आणि टेकू त्यात रुततो. आणि टेकूची उंची वाढवणारा जॅक हाताने टेकेल इतकाच फिरवायचा. पाना घालून स्लॅब वर उचलायला गेलं की मधल्या भागात वरच्या अंगाला ताण येतो. तिथे सळई नसते, तडा वरून जातो.

घाई कशाची होती, तेही उघड होतं. सेंटरिंगवाल्याला, म्हणजे टेकू-प्लेटा लावणाऱ्याला, पैसे चौरस मीटरवर आणि प्लेटांचं भाडं दिवसावर. पुढच्या साइटवर माल अडकला होता. म्हणून पुढच्या कामापासून हॉलच्या टेकूंचा संच वेगळा मोजून भाड्यात धरला. त्यांना लाल ऑइलपेंटचा पट्टा, आणि बीमच्या बाजूला भरल्याची तारीख, गाळा आणि 'या तारखेआधी काढू नये' असं मोठ्या अक्षरात मराठी-हिंदी दोन्हींत. इंजिनिअरच्या सहीची चिठ्ठी हातात आल्याशिवाय लाल टेकूला हात नाही.

काढण्याचा क्रमही त्या चिठ्ठीवरच लिहितो. हॉलमध्ये मधून सुरुवात करून दोन्ही बीमांकडे. एकाच बाजूने धरलेल्या सज्जाला उलट, मोकळ्या टोकापासून भिंतीकडे. सज्जाचा क्रम चुकला, म्हणजे भिंतीजवळचे टेकू आधी गेले, तर तो सज्जा टोकाच्या टेकूवर तोलला जातो आणि मधल्या खालच्या अंगाला, जिथे पुरेशी सळई नाही, तिथेच चिरतो.