आमची वाटचाल : पोटमाळा आवरताना

आधी ट्रेडल (पायानं चालवायचं छपाईयंत्र), मग प्लेटींवरून छापणारं ऑफसेट, मग डिजिटल. आमचा प्रेस ज्या ज्या टप्प्यातून गेला, त्या प्रत्येकाचा पसारा पोटमाळ्यावर होता. तो यंदा उतरवला. इतर छोट्या छापखान्यांना उपयोग व्हावा म्हणून पद्धत लिहितो.

आधी कागदपत्रं. जीएसटीची बिलं आणि हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावेच लागतात. अपील चालू असेल तर आणखी. प्रत्येक कामाचे कागद, फिल्म, फोटो आम्ही एका पाकिटात ठेवतो. त्यातली निवडणुकीची पाकिटं वेगळी काढा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-क प्रमाणे प्रकाशकाचं घोषणापत्र, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षीच्या सह्यांसह, दोन प्रतींत घ्यायचं असतं. एक प्रत छापील नमुन्यासोबत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे (राज्याच्या राजधानीत छापलं तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे) जाते. आपल्याकडची प्रत रद्दीत जाऊ देऊ नका.

मग फिल्म. चार रंगांचा जॉब म्हणजे चार पॉझिटिव्ह, प्रत्येक रंगाची एक पारदर्शक फिल्म, जिच्यावरून छपाईची प्लेट करतात. दमट हवेत चिकटलेल्या फिल्म ओढल्या तर इमल्शन, म्हणजे प्रतिमेचा थर, सोलून निघतं. हायपो (फिल्म पक्की करायचं रसायन) नीट धुतला गेला नसेल तर फिल्म तपकिरी पडते, तिच्यावरून प्लेट करू नये. फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून ती प्लॅस्टिकच्या भंगारात न घालता फिल्म घेणाऱ्यालाच विका. प्लेटी ॲल्युमिनियमच्या भावानं जातात. गम (प्लेट जपणारा डिंकाचा थर) न लावता ठेवलेली प्लेट कोऱ्या जागेतही शाई धरते. ती पुन्हा मशीनवर चढवण्यात अर्थ नाही.

जुन्या फाइलींच्या सीड्यांचं दुखणं वेगळं. पानं मांडायच्या पेजमेकर या प्रोग्रॅमची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ ची. तिच्या फाइली इनडिझाइन या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या सीएस६ आवृत्तीपर्यंत उघडतात, पुढच्या आवृत्त्यांत नाही. जुना मराठी फाँट मशीनवर नसेल तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून ठेवलेली, फाइल दिसते छान, पण तिच्यातली एक वेलांटीही सुधारता येत नाही.

सगळ्यात जाड पाकिटं निघाली ती वाढदिवसाच्या शुभेच्छांची, ऑर्केस्ट्राच्या पोस्टरांची आणि क्लासच्या गुणवंतांची. हे जॉब नेहमी रातोरात हवे असतात आणि कार्यक्रम उरकला की फाइल मेली. पुन्हा छपाईला येतात ती पावतीपुस्तकं, लेटरहेडं आणि औषधाच्या दुकानाची बिलबुकं. म्हणून काय ठेवायचं याचा आमचा निकष सरळ आहे : दोन वर्षांत पुन्हा ऑर्डर आली का? गावभर झळकलेला चेहरा या चाळणीतून सहसा खाली पडतो. भिंतीवरही त्याचं तेच होतं. उन्हात पिवळा आणि मॅजेंटा (गुलाबी-लाल) आधी उडतात, निळा-काळा मागे राहतो, आणि नेते-कलाकार सगळे एकजात निळे दिसू लागतात. उन्हात टिकणारी शाई मिळते, पण महाग पडते. पंधरा दिवसांच्या पोस्टरला ती कुणी मागत नाही, मागूही नये.

पाकीट फाडण्याआधी आतला मूळ फोटो काढून गिऱ्हाइकाच्या नावाच्या लिफाफ्यात घाला. पुढाऱ्यांचे फोटो न्यायला बहुधा कुणी फिरकत नाही. पुण्यस्मरणाच्या पत्रकासाठी दिलेला आजोबांचा फोटो मात्र घरचे आवर्जून मागतात, आणि बरेचदा तो त्यांच्याकडचा एकुलता असतो. तो टाचणी न लावता, सपाट ठेवून परत करा.