रात्री २ वाजून ४१ मिनिटांनी

२०२१ चा फेब्रुवारी. नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला एका कॉलेजच्या ऑनलाइन विभागात मी तांत्रिक सहायक होतो. अजूनही आहे. विभाग म्हणजे जुनी स्टोअररूम. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून आम्ही तिचा स्टुडिओ केला होता. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, आणि बाहेर एसटीनं हॉर्न मारला की पुन्हा पहिल्यापासून.

सोमवारी सकाळी आठवड्याचा अहवाल काढायचं काम माझं. आमची सिस्टीम मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालते. कोण कधी आलं, काय उघडलं, सगळ्याची नोंद राहते. त्या सोमवारी एका नावावर मी लाल रंग मारून ठेवला होता. एस.वाय.बी.ए.ची विद्यार्थिनी. अकरा रात्री रोज दोन-तीनच्या दरम्यान लॉगिन, सहा-सात मिनिटं अर्थशास्त्राचा एकच व्हिडिओ, मग गायब. दुसऱ्या रात्री तोच व्हिडिओ, परत पहिल्यापासून. शेवटची नोंद २ वाजून ४१ मिनिटांची. मी शेरा लिहिला, ‘संशयास्पद. पासवर्ड दुसऱ्याकडे असावा. खातं तात्पुरतं बंद करावं.’ नियमाला धरूनच होतं.

विभागप्रमुख मॅडमनी कागद वाचला. “फोन केलास?”

“नाही.”

“मग संशय कसला घेतोस? लाव फोन.”

मॅडमबरोबर काम करणं सोपं नाही, हे आधीच सांगून टाकतो. रविवारी सकाळी सात वाजता त्यांचा मेसेज येतो. त्या वर्षात दोघं जण नोकरी सोडून गेले, आणि माझाही राजीनामा एकदा टाइप करून झाला होता. तळमळीच्या माणसाला बाकीच्यांना घर असतं हे आठवत नाही. पण लॉगिन थांबलेल्या प्रत्येक मुलाला फोन करायचा, ही त्यांची सवय पार जुनी. त्या स्वतः मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थिनी. दहावीनंतर लग्न झालं, पुढे पूर्वतयारी करून बी.ए.ला प्रवेश. विद्यापीठ नाशिकला १९८९ साली सुरू झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद आम्ही लेटरहेडवर वाचलेलं. मॅडमच्या घरी ते पोस्टकार्डानं आलं होतं. संपर्कसत्राला दोन रविवार त्या आल्या नाहीत, तर समंत्रकांनी, म्हणजे तिथं शिकवणाऱ्या शिक्षकांनी, ‘बऱ्या आहात ना?’ एवढंच विचारणारं कार्ड टाकलं होतं.

पहिले दोन फोन कुणी उचलले नाहीत. तिसरा एका पुरुषानं घेतला. “ती कामावर हाय. दुपारी जेवायच्या टायमाला करा.” दीड वाजता पुन्हा केला, स्पीकरवर. मागून क्रेट आपटल्याचे आवाज.

“मॅडम, फी भरलीय मी,” ती पहिलं वाक्य हेच बोलली.

गाव सुरगाणा तालुक्यातलं. द्राक्षाच्या सीझनला नवरा-बायको दोघं पिंपळगावच्या बाजूला पॅकहाऊसवर. सकाळी बागेतून माल येतो. मण्यांचा आकार बघून, घड साफ करून अर्ध्या-अर्ध्या किलोचे पनेट, म्हणजे प्लास्टिकचे छोटे डबे, भरायचे. परदेशी जाणारा माल, त्यामुळे अंगठी-बांगडी चालत नाही, डोक्याला जाळी, आणि फोन दारातल्या टोपलीत. कंटेनर भरायचा असला की रात्रीचा एक वाजतो. घरात फोन एकच, नवऱ्याचा. तो झोपला की मग हिचा.

“रेंज दाराशीच येते. थोडं चालतं, अडकतं. परत लावलं की पहिल्यापासून सुरू होतं. मीठ महाग झालं तरी लोक तेवढंच घेतात, इथपर्यंत पाठ झालंय मॅडम. त्याच्या पुढं काय हाय?”

मॅडम काही बोलल्या नाहीत. तो व्हिडिओ त्यांचाच होता. ‘मागणीची लवचिकता’, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते. ४७ मिनिटं, विभागाचं नाक. पाहुणे आले की आम्ही तोच दाखवायचो. आणि सोडला तिथून पुढे सुरू व्हायची सोय आमच्या प्लेअरमध्ये होती, मीच ती चालू केली नव्हती. नंतर ती चालू करायला मला चार मिनिटं लागली.

मॅडम खुर्चीतून उठल्या आणि उभ्यानंच शिकवायला लागल्या. मीठ सोडलं, द्राक्षं घेतली. द्राक्षं महागली तर गिऱ्हाईक काय करतं? “केळी घेतं.” मग कांदा महागला तर? “कुरकुर करतं, पण घेतं. थोडा कमी घेतं.” झालं, लवचीक कोण आणि अलवचीक कोण ते तूच सांग. पलीकडे क्षणभर काही नाही, मग ती म्हणाली, “म्हंजी पनेटला न बसणारा माल लोकलला जातो, तिथं भाव जरा पडला की लोक तुटून पडतात, तसं?”

“अगदी तसंच.”

तिकडे जेवणाची सुट्टी संपली आणि फोन बंद झाला. नऊ मिनिटं झाली होती. मॅडम माझ्याकडे वळल्या. “रेकॉर्ड केलंस?”

नव्हतं केलं.

चार वाजता त्यांनी सगळ्या प्राध्यापकांना बोलावलं. तासाभराची व्याख्यानं तोडायची म्हटल्यावर वाणिज्यचे एक सर भडकले. “विषयाची खोली जाते, मॅडम. आपण काय रील करतोय का?” त्यांचं अगदीच चुकत होतं असं मला वाटत नाही. ताळेबंद सहा मिनिटांत कुणाला समजेल? मी मागच्या वर्षीच सगळ्यांना एक अभ्यास पाठवला होता, एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा, २०१४ मधला: विद्यार्थी टिकतात ते साधारण सहा मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओला. त्या मेलला एकाचंही उत्तर आलं नव्हतं. मीही तो पाठवून मोकळा झालो होतो.

मॅडमनी वाद घातला नाही. पडद्यावर स्वतःची ४७ मिनिटं लावली, कागद घेतला आणि सगळ्यांसमोर काट मारत गेल्या. ‘विद्यार्थी मित्रहो’ आणि प्रस्तावना, दोन मिनिटं, गेली. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल, त्यांचं केंब्रिज, फोटोसकट सहा मिनिटं. इथे त्यांचा पेन थांबला. तो भाग त्यांचा लाडका होता. तोही गेला. मग म्हणाल्या, “आता माझं नवीन रेकॉर्ड करू. तुमचं उद्या.”

सात वाजता बसलो. पाच तुकडे, सगळ्यात मोठा आठ मिनिटांचा. चौथ्या तुकड्याला एसटीनं तीनदा हॉर्न मारला. त्यातच घरून फोन, मुलीनं केक कापायचा थांबवून धरला होता. मी मॅडमना सांगितलं नाही, हे माझंच चुकलं. त्यांनी विचारलं नाही, हे त्यांचं. व्हिडिओबरोबर नुसता आवाजही वेगळा काढला. जुना व्हिडिओ पावणेदोनशे एमबीच्या आसपास होता. आठ मिनिटांचा आवाज दोन एमबीतही बसला. व्हॉट्सअ‍ॅपवरून दाराशी उभं राहून एकदा उतरवून घेतला की पुढे रेंज लागत नाही. साडेदहाला पाचही फाइली तिच्या नवऱ्याच्या नंबरवर टाकल्या. केक दुसऱ्या दिवशी खाल्ला.

सकाळी आल्या आल्या मी नोंदी उघडल्या. रात्री तिचं लॉगिनच नव्हतं. पोटात गोळा आला. मग व्हॉट्सअ‍ॅप पाहिलं: पाच फाइलींखाली निळ्या खुणा, आणि २ वाजून ५२ मिनिटांनी आलेला एक मेसेज. ‘मॅडम केळीचं पन सांगा, ती लवचीक का.’

मॅडमनी तो वाचला आणि मला म्हणाल्या, “पंखा बंद कर.”

वाणिज्यच्या त्या सरांचं ताळेबंदाचं व्याख्यान अजून बावन्न मिनिटांचं आहे. मॅडम दर सोमवारी त्यांना फोन करतात.