काय दाखवायचे आणि काय झाकायचे

रहस्यकथा, भयपट आणि चित्रकथा या तिन्हींवर मी आयुष्यभर जीव लावला, आणि त्यांच्याकडे कसे पाहावे हे मला आपल्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात समजले. शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत गणिताच्या, संस्कृतच्या, इंग्रजीच्या गुरुजनांविषयी कृतज्ञतेने लिहिणारे पुष्कळ जण असतील आणि ते ऋण माझ्याही माथ्यावर आहे. परंतु ज्या पुस्तकांना आणि ज्या चित्रांना त्या काळी घरोघर ‘थिल्लर’ म्हटले जाई, त्यांच्यामागे केवढी कारागिरी असते हे आपल्या शाळेतील एका शिक्षकांनी आम्हाला गंभीरपणे समजावून दिले, ही गोष्ट कोठेतरी नोंदली जावी असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

१९७० साली मी पाचवीत आलो आणि १९७६ साली दहावी होऊन बाहेर पडलो. त्या वर्षांत आपल्या गावात रहस्यकथा मिळण्याची ठिकाणे दोनच होती. एक एस. टी. स्टँडवरचा पुस्तकांचा स्टॉल आणि दुसरे बाजारपेठेतले, दिवसाला काही पैसे आकारून पुस्तक घरी देणारे खासगी वाचनालय. तेथे बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांच्या चळती लागलेल्या असत. अर्नाळकरांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंजार, काळापहाड, धनंजय व छोटू ही मंडळी आमच्या पिढीला नातेवाइकांइतकी परिचित होती. त्यांच्या अनेक कथांची बीजे इंग्रजी पुस्तकांतून आलेली होती, हा आक्षेप मी असंख्य वेळा ऐकला आहे आणि तो खराही आहे. तरीसुद्धा परक्या मुलखातले कथानक गिरगावात आणि दादरला आणून बसवणे, एका बैठकीत संपेल एवढ्याच लांबीत ते आटोपणे, आणि ज्या घरात पंचांगाखेरीज छापील कागद येत नसे त्या घरातल्या माणसाला पान उलटायला लावणे, हे काम सोपे नाही. माझ्या आजोळी शेतावरून परतलेली मोठी माणसे कंदिलाच्या उजेडात झुंजारकथा मोठ्याने वाचून घेत असत. मराठी वाचकवर्ग घडवण्याचे श्रेय वाटताना या पुस्तकांना त्यांचा वाटा मिळत नाही, याचा मला आजही मनापासून खेद होतो. पुढे गोव्याचे गुरुनाथ नाईक यांचा कॅप्टन दीप आणि सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद यांनी तो वारसा चालवला, आणि मी त्यांचाही निष्ठावंत वाचक राहिलो.

आता चित्रकलेच्या वर्गाकडे येतो. आमच्या सरांकडे एक जाडजूड फाइल होती. दिवाळी अंकांची, मासिकांची आणि कादंबऱ्यांची मुखपृष्ठे कापून त्यांनी ती पुठ्ठ्यांवर चिकटवून ठेवली होती. त्यांत दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोन गोमंतकीय चित्रकारांची चित्रे सर्वांत जास्त होती. दलालांची रेषा आणि त्यांचे सपाट, प्रसन्न रंग सर आम्हाला संकल्पचित्राच्या तासाला दाखवीत. मुळगावकरांची चित्रे मात्र ते स्थिरचित्राच्या, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तू पाहून काढण्याच्या, तासाला बाहेर काढीत, आणि याचे कारण आम्हाला प्रथम उमगले नव्हते. देवादिकांच्या गुळगुळीत, तेजाळ कॅलेंडरांमुळे घराघरांत पोहोचलेल्या मुळगावकरांनी अर्नाळकरांच्या रहस्यकथांचीही मुखपृष्ठे रंगवली होती. त्यांतले एक सरांनी फळ्यावर लावले. गडद कोटातला एक पुरुष दाराशी उभा होता, त्याचा निम्मा चेहरा काळोखात बुडालेला होता आणि हनुवटीखाली पिवळसर उजेड पडला होता. सरांनी विचारले, ‘उजेड कोठून येतो आहे?’ आम्ही म्हणालो, ‘खालून.’ ‘दिवा कोठे आहे?’ दिवा चित्रात कोठेच नव्हता. मग सर म्हणाले, ‘दिवा दिसत नाही, पण उजेड हलका आणि जवळचा आहे, म्हणजे तो कोणाच्या तरी हातात आहे. याचा अर्थ या खोलीत दुसरे माणूस आहे, आणि चित्रकाराने ते तुमच्यापासून लपवले आहे.’ सगळा वर्ग एकदम गप्प झाला. त्या दिवसापासून चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेसाठी मातीचा घडा आणि पितळी तांब्या काढताना त्यांची पडछाया हा मला नुसता गुण मिळवण्याचा भाग वाटेनासा झाला. वस्तूची सावली वस्तूपेक्षा अधिक सांगू शकते हे तेथे कळले.

सरांचा दुसरा धडा इंद्रजाल कॉमिक्सचा होता. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली, आणि आमच्या शाळेच्या वर्षांत तिचे मराठी अंक हातोहात फिरत असत. ली फॉक यांचा वेताळ, म्हणजे मूळ इंग्रजीतला ‘फँटम’ हा मुखवटाधारी नायक, त्यात डेंकालीच्या जंगलात राही. मूळ नावातले बंगालशी साधर्म्य टाळण्यासाठी भारतीय आवृत्तीत देशाचे नाव बदलले होते आणि समुद्री चाच्यांच्या सिंग टोळीचे ‘सिंगा’ केले होते, हे मला पुष्कळ उशिरा वाचनात आले. सरांनी अशा एका अंकातले पान घेतले, मधल्या एका चौकटीवर कोरा कागद चिकटवला आणि झाकलेल्या चौकटीत काय असेल ते काढायला सांगितले. आधीच्या चौकटीत गुत्त्यातला एक गुंड वेताळावर धावून येत होता, आणि नंतरच्या चौकटीत तोच गुंड जमिनीवर आडवा पडून त्याच्या जबड्यावर वेताळाच्या अंगठीतल्या कवटीची खूण उमटलेली होती. वर्गातल्या सर्वांनी ठोसा काढला. कागद उचलला तर खाली ठोसा नव्हता. टेबलाशी बसलेली दोन माणसे दचकून मान वळवीत होती आणि एकाच्या हातातला पेला कलंडत होता, एवढेच तेथे होते. ‘ठोसा तुम्ही मारलात, चित्रकाराने नाही,’ असे सर म्हणाले. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत वाचकाचे मन काम करते आणि चांगला चित्रकार त्या पट्टीसाठी जागा राखून ठेवतो, हे पुढे मी चित्रकथेच्या शास्त्रावरील लेखनात अनेकदा वाचले, पण त्यात मला नवे काही आढळले नाही. आबिद सुरतींचा बहादूर याच मालिकेत १९७६ मध्ये अवतरला. तोवर मी शाळा सोडली होती, आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला तो भगव्या कुडत्यातला भारतीय नायक सरांना दाखवायला मिळाला नाही, याची चुटपुट मला राहिली.

‘चांदोबा’चा उल्लेख केल्याशिवाय चित्रांविषयीचे माझे म्हणणे पुरे होणार नाही. मद्रासहून निघणाऱ्या या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ पासून होती. त्यातल्या विक्रम-वेताळाच्या कथेवर के. सी. शिवशंकरन, म्हणजेच ‘शंकर’ यांचे चित्र असे. खांद्यावर प्रेत घेतलेला राजा, उपसलेली तलवार आणि भोवती स्मशान असे ते चित्र होते. त्यात राजाच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेशही नाही. भीती आहे ती सभोवतालच्या झाडांत आणि कवट्यांत. भय पात्राच्या चेहऱ्यावर न ठेवता परिसरात ठेवायचे, ही युक्ती मी त्यानंतर प्रत्येक चांगल्या भयपटात शोधत आलो आहे.

भयपटांची गोडी लागली ती जत्रेतल्या तंबूत. रामसे बंधूंचा ‘दो गज जमीन के नीचे’ हा १९७२ चा चित्रपट आपल्याच जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला, विश्रामगृहात मुक्काम ठोकून चित्रित झाला होता. त्यामुळे गावातल्या थोरामोठ्यांनी कितीही नाके मुरडली तरी आम्हाला तो जवळचा वाटे. सात भावांपैकी कोणी कॅमेरा सांभाळीत होता, कोणी ध्वनी, कोणी दिग्दर्शन, आणि घरातल्या स्त्रियाही कामाला हातभार लावीत. थोडक्या पैशांत, धूर, निळा प्रकाश आणि करकरणारे दार एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्रेक्षक खुर्चीला खिळवून ठेवला, याबद्दल मला त्यांचा आदर आहे. मात्र ते दाखवायचे फार आणि झाकायचे कमी, हे माझे मत प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

झाकण्याची कला पाहायची असेल तर १९४९ चा कमाल अमरोहींचा ‘महल’ पाहावा. जोसेफ विर्शिंग यांच्या छायाचित्रणात त्या हवेलीतले झुंबर, झोपाळा आणि पडदे यांच्या सावल्या माणसांपेक्षा मोठ्या होतात. त्यातले लता मंगेशकरांचे गाणे ध्वनिमुद्रित करताना, आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा म्हणून लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनपर्यंत चालत आल्या होत्या. गाणारी दिसण्याआधी तिचे अंतर ऐकू येते. मुळगावकरांच्या न दाखवलेल्या दिव्याचे हे ध्वनीतले रूप आहे, असे मी मानतो. आपल्या मराठीतही राजा परांजपे यांनी १९६४ साली ‘पाठलाग’ केला. मरण पावलेल्या पत्नीसारखी हुबेहूब दिसणारी आरोपी एका वकिलासमोर न्यायालयात उभी राहते, एवढ्या एका खिळ्यावर सगळा चित्रपट टांगलेला आहे, आणि ती खरोखर कोण आहे हा प्रश्न शेवटपर्यंत प्रेक्षकाच्या गळ्यात अडकून राहतो. राज खोसलांनी १९६६ मध्ये त्यावरून ‘मेरा साया’ काढला आणि तो देशभर गाजला. मूळ चित्रपट मराठी होता हे आज मराठी तरुणांनाही सांगावे लागते.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी या भयकथाकारांवर स्वतंत्र लेख लिहावा एवढे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, येथे थोडेच लिहितो. मतकरींचे भय माणसाच्या स्वभावात दडलेले असते. त्यांची ‘खेकडा’ ही कथा मी प्रथम वाचली तेव्हा भुतापेक्षा माणसाची अधिक भीती वाटली. धारपांची रीत निराळी. त्यांचा निवेदक बहुधा नोकरदार, समंजस, हिशेबी गृहस्थ असतो. तो घराचे भाडे, खोल्यांची मांडणी, जिन्याच्या पायऱ्या यांचे इतके चोख वर्णन करतो की तिसऱ्या-चौथ्या पानावर त्या घरात जे नको ते शिरते तेव्हा वाचकाला अविश्वास दाखवायला सवड उरत नाही. ‘लुचाई’सारख्या कादंबरीचे मूळ परकीय आहे हे सर्वश्रुत आहे. परंतु तिच्यातले वाडे, ओसऱ्या आणि तिन्हीसांजा अस्सल मराठी आहेत.

शाळेनंतर मी पुण्यात एका छापखान्याच्या ब्लॉक, म्हणजे चित्रे छापण्याचे धातूचे ठसे, करण्याच्या विभागात लागलो, आणि ज्या मुखपृष्ठांवर लहानपणी लुब्ध झालो होतो त्यांची दुसरी बाजू तेथे पाहायला मिळाली. मूळ चित्राचे वेगवेगळ्या फिल्टरांतून फोटो घ्यायचे, जाळीच्या काचेतून त्याचे ठिपके करायचे, धातूच्या पत्र्यावर ते आम्लाने कोरायचे, आणि मग पिवळा, लाल, निळा व अखेरीस काळा अशा क्रमाने एकाच कागदावर चार वेळा छपाई करायची. यात रजिस्टर, म्हणजे एका रंगावर दुसरा नेमका बसवण्याची जुळणी, केसभर हलले तरी नायिकेच्या ओठांचा रंग गालावर उतरतो. स्वस्त कागदावर आणि घाईच्या छपाईत हे हमखास घडे. जाणते चित्रकार म्हणूनच रहस्यकथेच्या मुखपृष्ठावर काळ्या रंगाचे मोठे पट्टे ठेवीत, कारण सर्वांत शेवटी चढणारा काळा खालची चूक पोटात घेतो. म्हणजे त्या चित्रांतला काळोख जितका कथेची गरज होता, तितकाच तो यंत्राशी केलेला समझोताही होता. हे समजल्यावर त्या चित्रांविषयीचे माझे प्रेम दुणावले.

पुण्यातच राहून काम करणाऱ्या प्रताप मुळीक यांच्याविषयी येथे आवर्जून लिहितो. ‘अमर चित्र कथे’तली पौराणिक आणि ऐतिहासिक पात्रे त्यांनी ज्या सफाईने रेखाटली, त्याच हाताने त्यांनी १९८६ पासून दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी नागराज उभा केला. उत्तर भारतातल्या मुलांच्या एका पिढीचा हा लाडका नायक एका पुणेकर चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरला, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? त्यांच्या चित्रांत अंगावरचे साप वळतात तेव्हा शरीरशास्त्राचा अभ्यास दिसतो, आणि मागच्या दगडी कमानी पाहताना या चित्रकाराने देवळे व गड डोळे भरून पाहिले असणार याची खात्री पटते.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला, तेव्हा मी तो चित्रपटगृहात दोनदा पाहिला आणि २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर नातवाला घेऊन गेलो. धारपांच्या कथेतून सुचलेला तो चित्रपट बर्वे यांनी चित्रीकरणाआधी सुमारे ७०० पानांच्या चित्रमालिकेत चौकट-चौकट करून रेखाटून ठेवला होता. भयकथा, चित्रकथा आणि चित्रपट या तीन वाटा एका माणसाच्या कामात अशा एकत्र आलेल्या पाहून मला सरांच्या वर्गातल्या पांढऱ्या पट्टीची आठवण झाली, कारण तेथेही हस्तर हा दैत्य दिसण्याआधी बराच वेळ केवळ पाऊस, पडका वाडा आणि साखळदंडांनी जखडलेली म्हातारी एवढेच समोर असते.

माझ्या संग्रहातले इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक, ‘चांदोबा’चे सुटे अंक आणि मुळगावकर व दलाल यांची मुखपृष्ठे असलेली पुस्तके मी या अमृतमहोत्सवी वर्षात शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. हा कागद वर्तमानपत्री जातीचा आहे, त्याला ऊन आणि कसर दोन्ही लवकर लागतात. म्हणून अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंबता जाड पुठ्ठ्याच्या पेटीत आडवे ठेवावेत, आणि पावसाळा संपला की सावलीत वारा द्यावा. त्यांची विषयवार यादी ग्रंथपालांच्या हाती दिली आहे. ते काचेच्या कपाटात बंद राहू नयेत, सातवी ते नववीच्या मुलांना चित्रकलेच्या तासाला ते हातात घेऊन पाहता यावेत, एवढी विनंती मी मुख्याध्यापकांना केली आणि त्यांनी ती मान्य केली आहे.