दगडाखालचा मोथा

पोळा झाला, पावसाने उघडीप दिली आणि आर्वीकडच्या एका गावातून गुरुजींचा फोन आला, "दगड दिसून नाही राहिले, एकदा येऊन जा." आमची नर्सरी लहान, रोपं विकायची आणि जोडीला लोकांच्या बागा सांभाळायच्या. गुरुजींनी निवृत्तीनंतर हौसेने अंगणात रॉक गार्डन करून घेतलं होतं, दुसऱ्या कोणाकडून.

दगड खरंच दिसत नव्हते. केना, दुधी, एकदांडी, घोळ, सगळं माजलेलं. हे तण किरकोळ. ओल असली की बोटांनी उपटून येतं. निंदायला आलेल्या मावशींनी बघता बघता टोपलं भरलं, घोळ तेवढी भाजीसाठी पदरात बांधली. उरला तो मोथा, गवतासारखं दिसणारं चिवट तण.

"फवारून टाका ना, काऊन वाकत बसता?" गुरुजी म्हणाले. ग्लायफोसेट हे तणनाशक हिरवं दिसेल त्यातून आत शिरतं; त्याला मोथा कोण आणि निवडुंग कोण हे कळत नाही, आणि निवडुंगाचं तर अख्खं अंगच हिरवं. टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक मारावं तर कुंपणापलीकडे शेजाऱ्याची कपाशी पात्यावर आलेली. त्या औषधाचा नुसता वारा लागला तरी कपाशीची पानं आकसतात, मग भांडण कोणी निस्तरायचं? शिवाय यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तेव्हापासून घराच्या अंगणात पंप उचलायला माझा हात धजत नाही.

बाहेरच्या गाजरगवताची मेक्सिकन भुंगेऱ्यांनी चाळण केली होती. गुरुजींनी विचारलं, "मोथ्याले खाणारा भुंगा नाही का भेटत?" मावशी फिसकन हसल्या. "खंदल्याबिगर इलाज नाही जी."

मग सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली. दगड उलटताना पलीकडची कड उचलून तो आपल्याकडे ओढायचा, म्हणजे खाली काही असलं तर मधे दगड राहतो. तिसऱ्या की चौथ्या दगडाखाली विंचू निघालाच, नांगी वर करून. तो पलीकडच्या फटीत गेल्यावरच मी हात घातला. मोठा दगड हलला आणि सगळं उघडं पडलं. खाली काळं प्लास्टिक अंथरलेलं, त्याला सुईने टोचावीत तशी भोकं, प्रत्येक भोकातून मोथ्याचा एकेक टोकदार कोंब वर आलेला. प्लास्टिक फाडलं तर खाली निव्वळ काळी माती. कापसाची जमीन तशीच ठेवून वर गिट्टी पसरली होती! मावशींनी खुरप्याने एक दोर हळूच मोकळा केला. एक गाठ, मग बारीक मूळ, मग दुसरी गाठ, मग तिसरी, असा तो दुसऱ्या दगडाखाली गेला. वरून उपटलं की पात तुटून हातात येते आणि खालच्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात. गुरुजी दोन वर्षं नेमाने उपटत होते.

दिवसभर खणलं. हातभर खोल माती काढली, प्रत्येक ढेकूळ फोडून गाठी वेचल्या. मी टोपलं उकिरड्याकडे नेत होतो तर मावशींनी अडवलं. खतासोबत वावरात जातील म्हणाल्या. ते बरोबरच होतं. गाठी स्लॅबवर पातळ पसरल्या, कारण त्या कडक वाळल्या की मरतात. काकूंनी त्यातल्या मूठभर धुऊन दिवाळीच्या उटण्यासाठी ठेवल्या. दुकानात हाच नागरमोथा पैसे देऊन आणावा लागतो.

खड्ड्यात खाली मुरूम, वर गिट्टी आणि चुरी भरली, दगडांच्या फटी चुरीने ठोकून बुजवल्या. प्लास्टिक पुन्हा टाकलं नाही. निवडुंगाला पाणी निचरणारी जागाच मानवते.

निघताना गुरुजींनी विचारलं, "आता नाही ना येणार?"

"येते तं," मावशी म्हणाल्या. चुकून राहिलेली गाठ फुटणारच. तिला महिन्याच्या आत, नव्या गाठी धरायच्या आधी, खुरप्याने मुळासकट काढायची. दर पंधरवड्याला एक चक्कर ठरली. मावशींनी मजुरी मात्र पूर्ण दिवसाची सांगितली, आणि गुरुजींनी घासाघीस केली नाही.