बांकुऱ्याचा घोडा: पांढरं कुठून येतंय ते सापडलं

सापडलं! गच्चीवर ओट्यावर उभ्या माझ्या बांकुऱ्याच्या (पश्चिम बंगाल) टेराकोटा, म्हणजे भाजल्या मातीच्या घोड्याच्या पायांवर पांढरं कुठून येतंय ते. सिमेंटच्या ओट्यातून येतंय म्हणून ज्यांनी ज्यांनी मला ओटा फोडायला सांगितला होता त्यांनी हातोडे खाली ठेवा. ओटा निर्दोष आहे. कुंड्यांच्या ठिबकचं पाणीही निर्दोष आहे. चोर घोड्याच्या पायातच बसला होता.

मागची नोंद गणपतीच्या आधीची. तेव्हा पायांवर थोडं शेवाळ होतं, ते मऊ ब्रशने गेलं. पाऊस ओसरला, ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि चारही गुडघ्यांच्या वर पांढरा पट्टा उमटला. झाडला की जायचा, चार दिवसांत परत हजर. दिवाळीच्या सुमारास पुढच्या उजव्या पायावरून नखाएवढा पापुद्रा सुटून हातात आला, तेव्हा मात्र माझी झोप उडाली. पांढरं दिसणं वेगळं आणि अंग सुटणं वेगळं. क्षार मातीच्या छिद्रांत स्फटिक होऊन बसतात आणि तिला आतून ढकलतात. टेराकोटाची भाजणी चिनी मातीपेक्षा बरीच कमी आचेची, अंग सच्छिद्र. हा मार तिला फार काळ सोसत नाही.

पहिला संशय अर्थातच सिमेंटच्या ओट्यावर. पण ओटा आणि खूर यांच्यामध्ये कडप्पा आहे, कडप्प्याखाली जाड प्लास्टिक आहे, त्यातून खालची ओल वर चढायला वाटच नाही. तरी खात्री केली. पांढरी पावडर कागदावर खरवडून तिच्यावर व्हिनेगर टाकलं. सिमेंटमधला चुना बाहेर येऊन कार्बोनेट झाला असता तर फसफसला असता. हे ढिम्म. मग ठिबक. बोअरचं पाणी जड आहे हे कबूल, कुंड्यांच्या कडा पांढऱ्या होतात त्याच्यानेच. पण ठिबकची नळी पुढच्या पायांजवळून जाते, मागच्या पायांना थेंब लागत नाही, आणि पट्टा चारही पायांना सारखाच.

खरा दुवा चहाने दिला. सकाळी चहा घेऊन गच्चीवर जाते तेव्हा पट्टा गायब आणि त्या जागी मातीचा रंग गडद, ओलसर. दुपारी कपडे काढायला जावं तर तिथेच पांढरं फटफटीत. पाणी कुणी घातलेलं नाही, दवही बाकीच्या अंगावर दिसत नाही. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं, खाली आली की पुन्हा दाणे धरतं. डोंबिवलीची पहाट आणि डोंबिवलीची दुपार या रेषेच्या अलीकडे-पलीकडे रोज उडी मारतात. म्हणजे माझ्या घोड्याच्या पायात मीठ रोज विरघळत होतं आणि रोज नव्याने स्फटिक होत होतं. भर पावसात का दिसलं नाही, तेही इथेच सुटलं. तेव्हा हवा सतत इतकी दमट की मीठ पाण्यातच राहिलं.

भाची बी.एस्सी. करते. तिने पावडर पाण्यात विरघळवून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, पाणी क्षणात दह्यासारखं फुटलं. क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश. (तिची बोटं दोन दिवस काळी होती. हातमोजे घाल म्हटलं होतं.)

आता प्रश्न असा की एवढं मीठ आलं कुठून. खाडीची हवा म्हणावी तर पाठीवर आणि मानेवर का नाही? मी बोटाच्या पेराने घोडा वरपासून खालपर्यंत वाजवत आले. मान टणटणीत. पोट टणटणीत. मांडीही तशीच. गुडघ्याच्या जरा वर आले आणि आवाज बसला, भद्द. चारही पायांना साधारण त्याच उंचीवर. पाय भरलेले होते!

गादी अंथरली, नवऱ्याला बोलावलं, घोडा आडवा केला. बांकुरा जिल्ह्यातल्या पंचमुरा गावाचे कुंभार (हे घोडे तिथलेच) पाय, मान, तोंड चाकावर वेगवेगळं घडवून जोडतात, त्यामुळे पाय म्हणजे नळकांडीच, खालून मोकळी असायला हवीत. आमच्याकडे चारही खुरांत सिमेंटचं बूच. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून बारीक बिटने बुचाला भोकं पाडत गेले, मग हॅक्सॉचं नुसतं पातं हातात धरून भोकं एकमेकांना जोडली. चार खुरांना अख्खा रविवार गेला. घाई करणाऱ्याने हे काम हातात घेऊ नये, बुचाबरोबर खूर येतो. पहिलं बूच निघालं आणि आतून रेती आली. ओली रेती! पाऊस जाऊन किती काळ लोटला होता, तरी मुठीत दाबली तर लाडू वळेल इतकी ओली. आणि तिच्यात शिंपल्यांचा चुरा. चमचाभर रेती पेलाभर बॅटरीच्या (डिस्टिल्ड) पाण्यात ढवळून पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला, आकडा हजाराच्या पार गेला. नुसत्या बॅटरीच्या पाण्याचा तो ३ होता.

म्हणजे खाडीची रेती, न धुतलेली. घोडा जिथून घेतला त्या नर्सरीला फोन केला. उत्तर मिळालं, “वाऱ्याने पडू नये म्हणून आम्ही सगळेच भरतो, मॅडम.” भरा हो, पण गोडी रेती भरा, आणि निदान सांगा तरी. बूच असं सफाईने रंगवलं होतं की ते खुराचाच भाग वाटावं.

पाणी आत कसं गेलं त्याचाही उलगडा झाला. भाजताना आतबाहेर सारखी आच लागावी म्हणून कुंभार घोड्याच्या अंगाला गोल भोकं ठेवतात. पावसाचं पाणी तिथून आत उतरलं, पायातल्या रेतीने ते धरून ठेवलं, खाली बूच असल्याने निचरा नाही. मग एकच वाट उरली, पायाच्या भिंतीतून झिरपून बाहेर. पाणी बाहेर येऊन उडायचं, मीठ तिथेच राहायचं.

आता मीठ काढण्याचं काम. घोडा टाकीत बुडवा असं कुणीतरी सुचवलं होतं. तीन फुटी घोड्याएवढी टाकी माझ्याकडे नाही, आणि सांधे भिजवायची हिंमतही नाही. कागदाच्या लगद्याचा लेप लावते आहे. बिनरंगी, बिनवासाचा टिश्यू फाडून बॅटरीच्या पाण्यात भिजवायचा, बोटभर जाडीचा थर पायाला थापायचा आणि सावलीत आपोआप वाळू द्यायचा. ओला लेप आधी मातीत पाणी सोडतो, मीठ विरघळतं, मग लेप बाहेरून वाळायला लागला की पाणी मीठ घेऊन त्याच्याकडे ओढलं जातं. वाळलेला लेप सालीसारखा निघतो. मी प्रत्येक सालीचा ठरावीक वजनाचा तुकडा ठरावीक पाण्यात भिजवून मीटर लावते. पहिल्या सालीला ८४०. परवाच्या सालीला ११०. हा आकडा वहीत लिहिताना जो आनंद झाला तो पगाराच्या मेसेजलाही होत नाही.

नळाचं पाणी वापरू नका, एकीकडून मीठ काढायचं आणि दुसरीकडून क्षार घालायचे असं होतं. आणि तारेचा ब्रश जवळही आणू नका, जुना टूथब्रश पुरे. बाजारात ‘टाइल क्लीनर’ म्हणून मिळणाऱ्या ॲसिडच्या बाटल्यांबद्दल तर बोलायलाच नको. लाल मातीतलं लोह त्याने डागाळतं आणि ॲसिडचे स्वतःचे क्षार मागे राहतात ते वेगळेच.

मधल्या काळात एक छोटं काम फत्ते झालं. डावा कान हलत होता. बांकुऱ्याचे कान आणि शेपूट सुटे असतात, खाचेत बसवायचे, आणि आमच्या कानावर रोज एक कावळा बसतो. इपॉक्सी आणून ठेवलं होतं, पण ते एकदा धरलं की कान पुन्हा निघणार नाही, आणि हलवाहलवीत तुटतो तो कानच. म्हणून मधमाशांचं मेण कोमट करून खाचेत घातलं. कान घट्ट बसला आहे, हवा तेव्हा केसांच्या ड्रायरने ऊब देऊन निघेल. कावळ्याने नव्या बैठकीला पसंती दिली आहे.

आता जागेचा विषय, कारण सगळा बेत त्यामुळेच बदलला.

घोडा आजवर पश्चिमेच्या कठड्याच्या कोपऱ्यात होता. मावळतीच्या उजेडात लाल माती तिथे पेटल्यासारखी दिसते, म्हणून. पण आमच्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, तो कोपरा त्याचा पहिला मारा झेलतो. मी आधी ठरवलं होतं की मीठ निघालं की सिलेन-सिलोक्सेनचं पाणीरोधक मारायचं आणि घोडा तिथेच उभा करायचा. ते चांगलं रसायन आहे, पाणी आत घेत नाही पण आतली वाफ बाहेर सोडतं. चकचकीत ॲक्रिलिक लॅकर मात्र आतल्या ओलीला कोंडतं आणि स्वतः पापुद्रे होऊन सुटतं. हार्डवेअरवाले तेच पुढे करतात, कारण ‘चमक येते’. मातीच्या घोड्याला चमक कशाला हवी?

पण लेप थापताना घोडा जिन्याच्या खोलीच्या पूर्वेकडच्या छज्जाखाली आणून ठेवला होता, आणि तो तिथे इतका शोभला की मी झोपाळ्यावर बसून बघतच राहिले. मागे पांढुरकी भिंत, दुसरं काही नाही. बांकुऱ्याच्या घोड्याचं सगळं रूप त्या ताठ, लांब मानेत आणि पानासारख्या कानांत आहे. कठड्याजवळ त्याच्यामागे क्रोटन होते, ते रंगीबेरंगी पानांचं रान ती रेषा गिळून टाकायचं. पूर्ण समोरून मात्र मागचे पाय पुढच्यांत लपतात, खांब दिसतो. तिरका ठेवला की चारही पाय सुटे दिसतात आणि मानेला उंची येते. ओटाही फूटभरच हवा. बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून चारेक फुटांवर असते, तीन फुटांचा घोडा एवढ्या ओट्यावर बरोबर नजरेला नजर देतो. सासूबाईंचं म्हणणं घोड्याचं तोंड दाराबाहेर नको. तिरका असल्यामुळे तोंड कुठे आहे यावर आमच्यात अजून एकमत नाही, त्यामुळे वाद मिटला आहे.

तर, छज्जाखाली. पाणीरोधकाचा डबा घेणं रद्द, पैसे वाचले.

वाऱ्याचा प्रश्न तिथेही उरतोच. जिन्याच्या दारातून झोत येतो आणि रिकामा घोडा वरच्या अंगाला जड. मी धुतलेली नदीची रेती कापडी पिशव्यांत भरून पायांत ठेवणार होते. पण हे लिहिताना आत्ता डोक्यात आलं की रेतीच कशाला? गोट्या! काचेच्या, खेळायच्या. काच पाणी पीत नाही, तिच्यात मीठ नाही, गोट्यांमधल्या फटींतून पाणी सरळ खाली निघून जातं. आणि वजनही कमी पडत नाही. काचेची घनता साधारण २.५, रचल्यावर चाळीसेक टक्के जागा मोकळी राहते, म्हणजे लिटरला दीड किलो. कोरडी रेतीही त्याच्याच आसपास. खुरांना खालून स्टीलची जाळी, कडप्प्यावर रबराचे चार तुकडे, झालं. मुलाच्या जुन्या डब्यात शेकड्याने गोट्या आहेत. तो नोकरीला बंगळुरूला आहे, त्याला कळवलेलं नाही.

रिकाम्या झालेल्या पश्चिम कोपऱ्यासाठी आता काय? तिथे पोकळ काही नको आणि उंच काही नको. फायबरचं हरीण नकोच, दोन उन्हाळ्यांत त्याच्यावर खडूसारखी भुकटी धरते, समोरच्या सोसायटीत बघते आहे. काळ्या दगडाचा हत्ती मनात होता, पण हिशेब केला. एक घनफूट बेसाल्ट ऐंशी किलोच्या वर जातो. माणसांचा वावर असलेल्या गच्चीवर भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास, आणि त्यातच ओल्या कुंड्याही आल्या. दोन फुटी हत्ती म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरला चहाला बोलावणं आलं. त्यापेक्षा कासव. पाथरवटाकडून हातभर लांबीचं, पाठ उथळ कोरलेली, पावसाचं पाणी साचलं तर चिमण्यांना प्यायला. वीस-पंचवीस किलोत बसेल आणि वाऱ्याला धरायला काही नाही. पाठीवर पॉलिश नको, नुसती छिन्नीची खूण ठेवलेली हवी, असं त्याला सांगितलंय. तो म्हणाला पॉलिश केल्याशिवाय गिऱ्हाईक घेत नाही. मी घेते म्हटलं.

लेपाच्या सालीचा आकडा ५० च्या खाली आला की गोट्या भरणार. तोवर कुणाला स्टीलची बारीक जाळी फूटभर सुटी देणारा दुकानदार ठाऊक असेल तर सांगा, इकडचे सगळे पूर्ण गुंडाळीच घ्या म्हणतायत.