ट्रंकेतली हत्यारे

माळा आवरताना जुनी लोखंडी ट्रंक उघडली आणि आयुष्यभराचे छंद थराथराने बाहेर येऊ लागले. सर्वांत वर आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता; १२० च्या रोलवर जेमतेम १२ चौकोनी छायाचित्रे निघत असल्याने कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठी बटण दाबण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा लागे. (ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथे विकतचा कॅमेरा काय मिरवायचा!) जलरंगांचे कुंचले कसरीने खाल्ले होते.

तळाशी रापी आणि आरी सापडली. निवृत्तीनंतर काही महिने मी चप्पल बनवणाऱ्या एका कारागिरांकडे शिकायला जात असे. अस्सल कोल्हापुरीत खिळा चालत नाही; रापीच्या रुंद पात्याने चामडे कापून, आरीने भोके पाडून, त्यांतून चामड्याचीच बारीक वादी ओवावी लागते, आणि भोक किंचित मोठे झाले तरी टाका सैल पडतो. रापीला धार लावण्यातच माझा पहिला महिना गेला. पहिली जोडी पूर्ण झाली, तेव्हा दोन्ही चपला डाव्याच वाटत होत्या.

कॅमेऱ्याचे शटर आता अडकले आहे. रापी मात्र दगडावर चार वेळा फिरवताच पुन्हा कापू लागली.