सहावी तार उतरते तेव्हा

दुपारी दोरीवरचे कपडे काढताना चिमटा हातात आला की मला गिटारचा कॅपो आठवतो. स्प्रिंग तीच, जबडा तोच, दाबल्यावरची कुरकुरही जवळपास तीच. कॅपोच्या जबड्याला आतून रबर असतं आणि एका कॅपोच्या पैशात घरातले वर्षभराचे चिमटे येतात, एवढाच काय तो फरक. गिटारच्या मानेवर तो एक घर, म्हणजे दोन आडव्या पट्ट्यांमधली एक जागा, वर सरकवला की सगळ्या तारा अर्ध्या स्वराने चढतात. आपल्याकडे स्केल-चेंजर पेटीचा अख्खा कीबोर्ड सरकवून पट्टी बदलतात. तेच काम हा चिमटा करतो, आणि शर्टाच्या खिशात मावतो.

रॉकमधला एखादा मुरलेला गीतकार बँड घरी ठेवून, एकटाच गिटार घेऊन छोट्या क्लबात गायला उभा राहतो, तेव्हा त्याच्या साथीला खरं तर हा चिमटाच असतो. नको असेल तेव्हा गिटारच्या डोक्यावर अडकवलेला, मुनिमाच्या कानावरच्या पेन्सिलीसारखा. लोक गाणी ऐकायला आलेले असतात. माझं लक्ष मात्र दोन गाण्यांच्या मधल्या त्या अर्ध्या-पाऊण मिनिटाकडे. चिमटा कुठे जातो, कुठली खुंटी फिरते, किती फिरते. ही खोड आहे, मान्य. पण तिच्यामुळे पुढचं गाणं शेजाऱ्याच्या आधी कळतं, आणि हा आनंद लहान नाही.

रिचर्ड थॉम्पसनचंच घ्या. लंडनचा गीतकार-गिटारवादक, जन्म 1949 चा. 1967 साली 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' ही फोक-रॉक मंडळी उभी राहिली तेव्हा गडी 18 वर्षांचा होता. नाव झालं ते इलेक्ट्रिक गिटारवर, पण एकट्याच्या अकूस्टिक, म्हणजे साध्या लाकडी गिटारवरच्या, मैफली तो कित्येक वर्षं करत आलाय. 1982 साली न्यूयॉर्कच्या 'बॉटम लाइन' आणि 'फोक सिटी' या क्लबांत त्याने एकट्याने गायलेल्या गाण्यांचा अल्बम 1984 मध्ये निघाला. बॉटम लाइन म्हणजे 400 खुर्च्यांची जागा होती. एवढ्या जवळून माणूस ऐकायचा तर ड्रमच्या आड लपायची सोय राहत नाही, चुकलेलं बोट तिसऱ्या रांगेला दिसतं.

ड्रम नाही, बास नाही, व्हायोलिन नाही, मग गाणं भरायचं कशाने? थॉम्पसन प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची छोटी चपटी चकती, अंगठा आणि तर्जनीत धरतो, आणि त्याच हाताची मधली व अनामिका मोकळी ठेवून वरच्या तारा छेडतो. खाली प्लेक्ट्रमने बास चालू, वर दोन बोटांनी सूर. ऐकणाऱ्याला दोन गिटारी वाटतात. पण साध्या जुळणीत सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार ज्या स्वरावर असते, त्याच्या खाली जाता येत नाही. बासवाला घरी राहिलाय, तर त्याचं काम त्या जाड तारेकडून करून घ्यायला हवं. म्हणून ती उतरवायची.

'1952 व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग' हे त्याचं 1991 सालचं गाणं. एक दरोडेखोर पोरगा, एक लाल केसांची पोरगी आणि इंग्लंडात स्टीव्हनेजला तयार झालेली एक मोटरसायकल. मूळ रेकॉर्डवरही ते एका गिटारवरच आहे. त्याची जुळणी जाडीकडून बारकीकडे अशी: सी, जी, डी, जी, बी, ई. सहावी तार ईवरून सीपर्यंत, म्हणजे चार अर्धे स्वर खाली. पाचवी एवरून जीपर्यंत, दोन अर्धे स्वर. बाकी चार जिथल्या तिथे. मग कॅपो तिसऱ्या घरात. तेव्हा स्टेजवरच्या माणसाने आधी सहावी, मग पाचवी सैल केली आणि डोक्यावरचा चिमटा तिसऱ्या घरात टाकला, की खोलीतली दहा-बारा माणसं एकमेकांकडे बघून हसतात. अजून एक सूर वाजलेला नसतो.

सांगायला सोपं आहे, करायला त्रासाचं. सहावी तार ईवर सेकंदाला सुमारे 82 वेळा कंप पावते, सीवर 65. कंप एवढे उतरवायचे तर तारेवरचा ताण 37 टक्क्यांनी कमी करावा लागतो. गिटारचं लाकूड हे सगळे ताण तोलून उभं असतं. एका तारेने एवढं ओझं टाकून दिलं की मान आणि पोटाची फळी किंचित मोकळी होतात, आणि ज्यांना हात लावला नव्हता त्या तारा आपोआप जराशा चढतात. म्हणजे दोन उतरवल्या तरी तपासायच्या सहाच्या सहा. शिवाय उतरवलेली तार पहिल्या काही मिनिटांत हळूहळू वर सरकते. म्हणून जाणकार माणूस ती हव्या त्या स्वराच्याही थोडी खाली नेतो, बोटाने एकदा हलकी ओढून ताणतो आणि मग खालून वर येत स्वरावर थांबवतो. वरून खाली येऊन थांबलं तर खुंटीच्या दात्यांतला ढिलेपणा तसाच राहतो आणि तार पहिल्याच कडव्यात पडते.

तरी एक 'टिंग' राहतेच. मानेच्या टोकाला हाडाची एक पट्टी असते, तिला नट म्हणतात. तिच्या खाचेत जाड तार अडकते, खुंटी फिरवली तरी जागची हलत नाही, आणि मग एकदम टिंग करून निसटते, ती भलत्याच स्वरावर. उपाय शाळेतला: खाचेत पेन्सिलीचं शिसं घासायचं. नंतर कॅपो. तो तारा दाबताना थोड्या ताणतो, जाड तारा जास्त. फ्रेटला, म्हणजे घराच्या कडेच्या आडव्या पट्टीला, खेटून लावला तर कमी, घराच्या मधोमध लावला तर हमखास बेसूर. म्हणून कॅपो लावल्यावर पुन्हा एक नजर ट्यूनरवर, म्हणजे स्वर लागला की दिवा दाखवणाऱ्या यंत्रावर. वर स्टेजवरचे दिवे तारा तापवतात, तापलेली तार उतरते. थंडीत हीटर लावलेल्या क्लबात हवा इतकी कोरडी होते की लाकूडच आकसतं.

हे सगळं चालू असताना प्रेक्षकांना काय ऐकू येतं? गोष्ट. ट्यूनर पायाशी, त्याच्यावर पाय दिला की गिटारचा आवाज बाहेर बंद. डोळे ट्यूनरच्या दिव्यावर, हात खुंटीवर, आणि तोंडाने विमानतळावर गिटारचं काय झालं त्याचा किस्सा. किस्सा आणि सहावी तार एकाच वेळी जागेवर यायला हवेत. नवशिक्याचा किस्सा आधी संपतो, मग तो "एक मिनिट हां" म्हणत खाली मान घालतो आणि खोली खोकायला लागते. मुरलेला माणूस विनोदाचं शेवटचं वाक्य राखून ठेवतो, हिरवा दिवा लागला की ते टाकतो, आणि हशा ओसरायच्या आत पहिला ठोका पडलेला असतो. आपल्याकडे बैठकीत तानपुरे जुळेपर्यंत पंधरा मिनिटं गेली तरी कुणी घड्याळ बघत नाही, उलट त्यातच माहोल तयार होतो. तिथे ती मुभा नाही. नऊ वाजता दुसरा शो असतो.

यावरून फर्माइशीची गोष्ट. संगीत नाटकांना जाणाऱ्यांना 'वन्स मोअर'ची सवय असते. पेटी आहे त्याच पट्टीत असते, ऑर्गनवाला तयारच असतो, गायकाने मान डोलावली की पद पुन्हा सुरू. इथे मागच्या रांगेतून कुणीतरी गाण्याचं नाव ओरडतो आणि गायक हसून दुसरंच गातो. लोकांना वाटतं, शिष्ट आहे. शिष्ट नसतो, जुळणीत अडकलेला असतो. आता सहावी तार सीवर आहे आणि तुम्हाला हवंय ते साध्या जुळणीतलं. विमानाच्या सामानात दोन गिटारी परवडत नाहीत, म्हणून बहुतेकांजवळ एकच असते. मॉनिटरला, म्हणजे गायकाच्या पायाशी त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरला, चिकटवलेला यादीचा कागद वाकून पाहिलात तर गाण्यांच्या नावांपुढे कॅपोचे आकडे आणि जुळण्यांच्या खुणा दिसतील. साध्या जुळणीतली चार-पाच एकत्र, मग फक्त सहावी डीवर उतरवलेली दोन-तीन, मग खोल जुळण्या. समजा 18 गाणी आहेत आणि प्रत्येकामागे 40 सेकंद तारा पिळण्यात गेले, तर 12 मिनिटं झाली. याद्या भावनेच्या चढउतारावर बेततात असं म्हणतात. बेतत असतील. माझ्या मते निम्मी यादी तारा ठरवतात. तेव्हा फर्माइश करायचीच तर आता वाजलेल्या गाण्याच्या जुळणीतलं दुसरं गाणं मागावं. मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

टाळ्यांबद्दलही बोलायला हवं. जलद गाण्यात मागच्या रांगा ठेका धरतात. 15 मीटरवरच्या माणसापर्यंत आवाज पोचायला 44 मिलिसेकंद लागतात, त्याची टाळी परत स्टेजवर यायला तेवढेच. म्हणजे गायकाला प्रत्येक टाळी 88 मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. व्हिन्सेंटसारख्या धावत्या गाण्यात एवढ्यात बोटं एक अख्खा सूर पुढे गेलेली असतात. ड्रमवाला असता तर त्याने हाकलून नेलं असतं. एकटा माणूस एकतर मागे खेचला जातो, नाहीतर कान बंद करून वाजवतो. टाळ्या गाणं संपल्यावर वाजवाव्यात हे आजीने कीर्तनात बसवताना सांगितलेलं इथेही लागू.

बसायचं कुठे, तर पहिल्या रांगेत नाही. लाउडस्पीकर दोन्ही बाजूंनी आपल्या डोक्यावरून मागे बोलत असतात, आपल्याला मिळते ती लाकडाची खटखट आणि शब्द पुसट. भिंतीला टेकूनही नको, तिथे खालचे सूर साचतात. बारजवळ तर मुळीच नको. सगळ्यात हळुवार ओळीला बर्फाचं मशीन बर्फ पाडतं, हा निसर्गनियम आहे. खोलीच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, मधल्या रेषेपासून जरा उजवीकडे बसावं. गायक उजव्या हाताने वाजवणारा असेल तर मान आपल्या उजवीकडे येते आणि चिमटा नीट दिसतो.

अमेरिकेत नॅशव्हिलच्या 'ब्लूबर्ड कॅफे'त 90 खुर्च्या आहेत आणि कुजबुजणाऱ्याला गप्प केलं जातं. कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाचं 'मकेब्ज' तर मुळात गिटारचं दुकान, 1958 पासूनचं. मागच्या खोलीत साधारण 150 घडीच्या खुर्च्या, दारू नाही, कॉफी आणि बिस्किटं, आणि भिंतीवर विकायला टांगलेल्या गिटारी. एका गिटारवर सूर वाजला की भिंतीवरच्या ज्या तारा त्या स्वरात असतील त्या आपोआप थरथरतात, सतारीच्या तरफांसारख्या. गाणं चालू असताना ते कानाला लागत नाही. पण शेवटचा सूर तोडून माणसाने तारांवर हात ठेवला आणि टाळ्यांना अर्धा क्षण उशीर झाला, तर त्या फटीत खोली स्वतः हलकेच गुणगुणते.

मैफल संपल्यावर बाहेरच्या टेबलावर अल्बम असतात. आत एकट्याची गिटार ऐकून आलेल्या माणसाने ते घरी नेऊन लावले की ड्रम आणि बास अंगावर येतात. थॉम्पसनने 2014 साली आपली जुनी गाणी एकट्याने, अकूस्टिकवर पुन्हा रेकॉर्ड केली. फार बरं केलं.

पुन्हा चिमट्याकडे. तिशीत लिहिलेलं गाणं सत्तरीत त्याच पट्टीत जात नाही. वरचा सूर आधी पातळ होतो, मग चिरतो, मग गायक तो शब्द बोलून टाकायला लागतो. बँड असेल तर सगळ्यांना नव्या पट्टीत बसवावं लागतं. एकट्या माणसाचं सोपं. पाचव्या घरातला कॅपो चौथ्यात आणायचा, कुणाला कळतही नाही. काही वर्षांनी तिसऱ्यात, मग दुसऱ्यात. बोटं तीच, घरं तीच, फक्त चिमटा एकेक घर डोक्याकडे सरकत राहतो. ज्याने तेच गाणं वीस वर्षांच्या अंतराने दोनदा ऐकलंय त्याने आकडे जुळवून पाहावेत, किंवा पाहू नयेत.

आणि एके दिवशी तो चिमटा त्या गाण्यापुरता डोक्यावरच राहतो, कारण पहिल्या घराच्या अलीकडे त्याला जागाच नसते. त्यानंतर अख्खी गिटारच अर्धा स्वर उतरवून ठेवतात. तेव्हा तारा जरा जाड घ्याव्या लागतात, 12 च्या सेटऐवजी 13 चा (आकडा सगळ्यात बारीक तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत), नाहीतर सैल पडून फ्रेटवर खरखरतात.